काउंटीची यादी रिचमंडला जायच्या आधी

प्रॉपर्टी टॅक्सचा दुसरा हप्ता आमच्याकडे ५ डिसेंबरपर्यंत भरायचा असतो, आणि साधारण त्याच दिवसांत आमच्या व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीचं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स, म्हणजे काउंटी चालवणारं निवडून आलेलं मंडळ, राज्याच्या येत्या अधिवेशनासाठी आपला लेजिस्लेटिव्ह प्रोग्राम मंजूर करतं. म्हणजे काउंटीला राज्याकडून काय हवंय, कशाला पाठिंबा, कशाला विरोध, त्याची यादी. बरीच वर्षं मी टॅक्स भरायचो आणि यादीकडे ढुंकूनही बघायचो नाही. खरं तर दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत.

व्हर्जिनियात डिलन रूल चालतो. डिलन नावाचे आयोवाचे न्यायाधीश होते, त्यांनी १८६८ मध्ये मांडलेलं तत्त्व: राज्याने जेवढे अधिकार दिले तेवढेच स्थानिक सरकारला, आणि शंका आली तर अधिकार नाहीच असं समजायचं. अकरा लाखांच्या वर वस्तीची काउंटी, पण साध्या गोष्टीलासुद्धा आधी राज्याच्या राजधानीतून, रिचमंडहून, परवानगी लागते. दुकानात प्लास्टिकच्या पिशवीमागे ५ सेंट घेतात ना, त्याची मुभा विधिमंडळाने २०२० मध्ये दिली तेव्हा कुठे आमच्याकडे १ जानेवारी २०२२ पासून तो कर लागू झाला. आणि रस्ते बघा, गल्लीतला रस्तासुद्धा बहुतेक राज्याच्या ताब्यात, १९३२ च्या कायद्यापासून.

जानेवारीत शँटिलीला डोसा खाऊन बिल बघितलं तर ६ टक्के सेल्स टॅक्सच्या खाली नवीन ओळ, मील्स टॅक्स ४ टक्के, म्हणजे हॉटेलातल्या तयार खाण्यावरचा काउंटीचा कर. बायको म्हणाली, हे कधी सुरू झालं? १ जानेवारी २०२६ पासून. पण गोष्ट जुनी आहे, शहरांना हा कर लावता यायचा, काउंटीला मात्र आधी सार्वमत घ्यावं लागायचं, आणि २०१६ मध्ये आमच्या मतदारांनी तो फेटाळला. २०२० मध्ये राज्याने सार्वमताची अट काढली म्हणून बोर्डाला तो लावता आला. मला ४ टक्के जड वाटतात, खोटं कशाला बोलू, पण सगळा भार घराच्या टॅक्सवर टाकण्यापेक्षा हे बरं, कारण घराचा टॅक्स पेन्शनवर राहणाऱ्या म्हाताऱ्या शेजाऱ्यालाही सहसा चुकत नाही.

आता माझा खरा मुद्दा, शाळा. विधिमंडळाच्याच जेएलएआरसी या अभ्यास यंत्रणेने २०२३ मध्ये सांगितलं की व्हर्जिनियातल्या शाळांना दर विद्यार्थ्यामागे मिळणारा पैसा देशाच्या सरासरीपेक्षा १४ टक्के कमी आहे. २००९ च्या मंदीत राज्याने शाळेतल्या सपोर्ट स्टाफसाठीच्या पैशावर कॅप, म्हणजे कमाल मर्यादा, लावली, क्लार्क, सफाई, देखभाल, ही सगळी माणसं त्यात येतात. मंदी गेली तरी कॅप २०२५ पर्यंत राहिली आणि तोवर फरक काउंटीने भरला, म्हणजे तुम्हीआम्ही, जुलैत आणि डिसेंबरात. म्हणून शाळेचा पैसा यादीत सगळ्यात वर असावा असं मला मनापासून वाटतं, मेट्रोच्याही वर, आणि मी स्वतः मेट्रोने जातो.

बोर्डाची लेजिस्लेटिव्ह कमिटी सप्टेंबर ऑक्टोबरपासून यादीवर बसते आणि बोलायची खरी वेळ तीच. जानेवारीत राज्याच्या विधिमंडळातले आपले प्रतिनिधी, डेलिगेट आणि सेनेटर, अधिवेशनाआधी गव्हर्नमेंट सेंटरला सुनावणी घेतात, तिथेही नाव नोंदवून बोलता येतं, पण तोवर काउंटीची यादी पक्की झालेली असते. शिवाय अधिवेशन सम वर्षात ६० दिवस, विषम वर्षात त्याहून कमी, तेवढ्यात हजारो बिलं. एकदा गाडी सुटली की आपण प्लॅटफॉर्मवरच.

मंडळात गणपतीची वर्गणी, हॉल, प्रसाद यावर आपण तास तास बोलतो, यंदा त्याच मीटिंगमध्ये दहा मिनिटं याला मागणार आहे. प्रत्येकाने आपल्या सुपरवायझरला एक ईमेल करायची, चार ओळींची, आपल्या मुलांच्या शाळेत काय कमी पडतंय ते नीट लिहून. इंग्रजीचं टेन्शन असेल तर मला फोन करा, बसून लिहू. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना आठवण करणारच आहे.