टॉर्च वर धरा: सोनोरा वाळवंटातल्या विंचवाच्या शोधात

ऑगस्टमधली अमावस्येच्या जवळची रात्र मुद्दाम निवडली होती, कारण लख्ख चांदण्यात विंचू फारसे बाहेर पडत नाहीत. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहराबाहेरच्या कॅम्पग्राउंडवरून आम्ही दोघं अतिनील टॉर्च घेऊन निघालो. विंचवाच्या कवचातली द्रव्यं या प्रकाशात हिरवट-निळी चमकतात, त्यामुळे शोध सोपा होईल असं वाटलं होतं.

पहिला तासभर आमची नजर जमिनीवरच होती. दगडांपाशी जाड शेपटीचे, पट्टेवाले विंचू दिसले, पण ज्याच्यासाठी आलो होतो तो अ‍ॅरिझोना बार्क स्कॉर्पियन काही दिसेना. मग टॉर्च सहज एका मेस्कीटच्या खोडाकडे वळला, आणि छातीच्या उंचीवर तो होता! सालीला उलटा चिकटलेला, जेमतेम ७-८ सेंटिमीटर, चिमटे अगदी बारीक, शेपूट एका कुशीला वळवलेली. हा विंचू बीळ खणत नाही. सालीच्या फटीत, दगडाखाली, मिळेल त्या कपारीत राहतो आणि चढण्यात तरबेज असतो. म्हणून जाणाऱ्यांना पहिलं सांगणं हेच: टॉर्च वर धरा.

पुढच्या झाडावर एक मादी होती, पाठीवर पिल्लांची दाटी. आई झगमगत होती, पिल्लं मात्र फिक्कट पांढरी. कवच कडक होईपर्यंत ती नीट चमकत नाहीत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते असं प्रत्यक्ष पाहताना मी कितीतरी वेळ तिथून हललोच नाही. पहिली कात टाकली की पिल्लं उतरून आपापल्या वाटेला लागतात. याच वाळवंटात ग्रासहॉपर माऊस नावाचा उंदीर या विंचवाला बिनधास्त खातो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, विंचवाच्या विषानेच या उंदराच्या शरीरातले वेदनेचे संकेत अडतात.

माणसाचं तसं नाही. अमेरिकेतला हा सर्वांत विषारी विंचू. डंखानंतर निरोगी प्रौढ माणूस सहसा बरा होतो, पण वेदना आणि अंगाला येणाऱ्या मुंग्या भयंकर असतात. लहान मुलांना धोका जास्त: डोळे गरगर फिरणं, अंगाला झटके, श्वासाला त्रास दिसला तर तडक रुग्णालय गाठा. २०११ पासून अमेरिकेत अधिकृत प्रतिविष आहे. तिथल्या विषबाधा मदतवाहिनीचा क्रमांक १-८००-२२२-१२२२ फोनमध्ये ठेवाच.

बंद बूट घाला. अतिनील टॉर्चमध्ये रॅटलस्नेक हा विषारी साप दिसत नाही, म्हणून चालताना साधा टॉर्चही लावा. अंगात रुतलेले चोया निवडुंगाचे काटे उपटायला कंगवा बरोबर असू द्या. पावसाळी ढग दिसले तर कोरड्या ओढ्यात उतरू नका. राष्ट्रीय उद्यानात जाणार असाल तर रात्री दिव्याने प्राणी बघायला परवानगी आहे का, ते रेंजरला आधी विचारा. विंचू पकडू किंवा हलवू तर मुळीच नका.

आणि कॅम्पवरची फळी, खुर्ची, दगड उचलताना बोटं खालून घालू नका. हा विंचू खालच्या बाजूलाच उलटा लटकलेला असतो.