सोवळ्याचं रूप

खालच्या मजल्यावरची मुलगी रोज दुपारी वही घेऊन वर येते. सहावीत आहे. तिची आई डबे करते, त्यामुळे दुपारी त्यांच्या घरात अभ्यासाला जागा म्हणून नसते. माझा पलंग मात्र रिकामाच. काल आली ती थेट सुरू झाली. "प्ले, प्लेड, प्लेड. वॉक, वॉक्ड, वॉक्ड. वॉश, वॉश्ड, वॉश्ड." पुढे पुढे तर ठेक्यावर डोलायलाच लागली.

म्हटलं, "अगं, ही कशाला घोकतेस? ईडी लावली की झालं. घोकायची ती गो, वेंट, गॉनवाली."

"आजी, थांबा ना, मी पाठ करून राहिले. मॅम विचारतात."

आमच्या या इंदुरी 'करून राहिले'चं पुण्याच्या नातेवाइकांना हसू येतं. येऊ दे. 'कर रिया है' ऐकत वाढलेली माणसं आम्ही, आमचा कंटिन्युअस टेन्स असाच राहणार.

आमच्या लहानपणी ईडी फक्त क्रियापदांच्या मागे लागायची, त्यामुळे घाबरायचं कारण नव्हतं. घाबरायचं ते बाबांना. बाबा होळकर कॉलेजचे. कॉलेज १८९१ सालचं, आणि बाबांचं व्याकरणही साधारण त्याच सालचं. मेच्या सुट्टीत रामबागेतल्या घराच्या ओट्यावर ते माझी आणि धाकट्या भावाची रूपं घ्यायचे. एक शब्द मला, एक त्याला. दाराला वाळ्याचा पडदा, त्यावर मारलेलं पाणी टपटपतंय, आणि उंबऱ्याशी आजी सुपात गहू निवडतेय. एका दुपारी सूप थांबलं.

"का रे, ही पोरं दुसरंच परत म्हणतायत की! मग तिसरं कशाला?"

बाबांनी समजावलं. दिसायला दोन्ही सारखी, पण अलीकडे हॅव किंवा हॅड आलं की तिथे तिसरंच लागतं, दुसरं चालत नाही.

आजीनं गव्हातला खडा अंगणात भिरकावला. "असं होय. म्हणजे सोवळ्याचं."

विषय संपला. दोन लुगडी एकाच ठाणातली, सारख्याच काठाची. एक नेसून घरभर वावरायचं, दुसरं काठीनं उंच दांडीवर वाळत टाकायचं, त्याला कुणी शिवायचं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात पास्ट पार्टिसिपलला सोवळ्याचं रूप म्हणायला लागले. बाबासुद्धा. मी एकदा शाळेत तसं बोलून गेले. बाई हसल्या नाहीत.

आमचे एक काका वकील होते, हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात. घरी पाहुणे आले की कोर्टातला किस्सा सांगायचे आणि त्यात 'माय लर्नेड फ्रेंड' हटकून यायचा. लर आणि नेड, असे दोन तुकडे करून. आता बाबांनी तर आम्हाला लर्न, लर्न्ड शिकवलेलं. काकांचं इंग्रजी कच्चं, असं भावाचं आणि माझं ठरून गेलं, आणि पाहुण्यांसमोर आम्ही एकमेकांना कोपर मारायचो. काका बरोबर होते. विद्वान या अर्थानं तो शब्द तसाच म्हणतात. फार पूर्वी इंग्रज प्रत्येक क्रियापदाची ती शेपटी अशीच सुटी उच्चारायचे. मग सगळीकडची आखडली आणि कोर्टकचेरीत, प्रार्थनेत थोडी उरली. बाकी ठिकाणी प्लेडला ड, वॉन्टेडला इड, आणि वॉक्डला तर चक्क ट! वॉक्ट. हे मला पन्नाशीत कळलं. तोवर सगळा जन्म वॉक्ड म्हणण्यात गेला होता, आणि पुढेही तसाच चाललाय.

शेपटी नसलेली मात्र मला चालत नाही. हे खूळच म्हणा. आमच्या कोपऱ्यावरच्या गाडीच्या बोर्डावर लिहिलंय: फ्राई राइस, रोस्ट पापड, मिक्स व्हेज, स्टफ पराठा. मी तिथे उभी राहून मनातल्या मनात एकेकाला ड जोडत बसते, आणि मुलगा म्हणतो, "आई, ते खायचं आहे, तपासायचं नाही." बरं, गाडीवाल्याला तरी का बोलावं? आइस्क्रीम मूळचं आइस्ड क्रीम. खाता खाता इंग्रजांनीही ड गिळलाच की.

आपण तर त्याहून बेरकी. गाडी पार्क केली, तिकीट कॅन्सल केलं, मेल चेक केली. सरळ चालीची इंग्रजी क्रियापदं आणायची आणि 'करणे'च्या गळ्यात बांधायची. आणि करणे स्वतः केवढं वाकडं! 'करला' म्हणून बघा. धाकटा भाऊ म्हणायचा, "मी करलं," आणि सगळं घर हसायचं. यावरून मला काल काहीतरी मोठं सुचत होतं, भाषेबद्दल की माणसांबद्दल कोण जाणे. तेवढ्यात मुलीनं वहीतून डोकं वर काढलं.

"आजी, डायचं कसं होतं?"

"डाय, डाइड, डाइड."

"म्हणजे रेग्युलर?"

"हो."

तिनं लिहून घेतलं. मी पंख्याकडे बघत राहिले. मराठीत ते 'मरला' होत नाही, मेला होतं. आजीला विचारायला हवं होतं, तिनं काहीतरी सांगितलं असतं.

खालून हाक आली, दूध प्यायला.

"आले!" मुलगी ओरडली, आणि उशीला टेकून तिनं पान उलटलं. वेट, वेटेड, वेटेड.

पाच मिनिटांनी दुसरी हाक.

"अगं आई, आले ना!"

साडेतीनपर्यंत माझ्या पलंगावरच होती.