तंबोरा प्लगइन अपडेट: लायसन्स कुठं गायब होत होतं ते सापडलं!

सापडलं एकदाचं! खानापूरच्या आपल्या टेस्टरकडं रीपर (ज्यात आपला प्लगइन चालतो ते रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) बंद करून परत उघडलं की तंबोरा दर वेळी लायसन्स विसरून डेमोत जायचा, आणि डेमोत सूर पांढरी एकलाच अडकतो. त्यांचं भजनी मंडळ गातंय काळी चारला, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगआधी सिरियल नंबर परत घाला. जवारीचा (तारेच्या झणकाराचा) नवीन स्लायडर दाखवणार होतो, ते आता पुढच्या वेळी. आज सगळं फायलींचंच.

आधी सगळ्यांनीच, मी पण, परमिशनवर (फाइल लिहायच्या परवानगीवर) संशय घेतला होता. तो संशय काही वाऱ्यावरचा नव्हता, कारण प्रोग्रॅमडेटाचं (मशीनवरच्या सगळ्या युजरना सामाईक फोल्डरचं) गणित खरंच तसलं आहे: इन्स्टॉलर अ‍ॅडमिन म्हणून चालतो, त्यानं तिथं केलेली फाइल साध्या युजरला वाचता येते पण बदलता येत नाही. पण लायसन्स तर मी युजरच्याच रोमिंगमध्ये (त्याच्या स्वतःच्या डेटा फोल्डरात) ठेवतोय, सेटिंग्जच्या फायलीशेजारी. आणि गंमत बघा की, विंडोचा आकार, थीम, मीटर चालू-बंद सगळं लक्षात राहत होतं. एकाच फोल्डरातली एक फाइल व्यवस्थित लिहिली जाते आणि दुसरी उघडतच नाही, मग परमिशन कसली? अँटिव्हायरस बंद करून बघितला, काही फरक नाही.

शेवटी त्यांच्या लॅपटॉपवर प्रोसेस मॉनिटर लावला, म्हणजे कुठला प्रोग्रॅम कुठली फाइल उघडतोय ते दाखवणारं टूल. हे टूल विंडोजवर काम करणाऱ्या प्रत्येकाकडं असायलाच पाहिजे, फुकट आहे आणि खोटं बोलत नाही. रीपरचा फिल्टर लावला आणि खाली सरकत गेलो तर सेटिंग्जच्या ओळीत युजरच्या फोल्डराचं नाव स्वच्छ कन्नडमध्ये, आणि त्याच्याच खाली लायसन्सच्या ओळीत त्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं!

लॅपटॉप सेट करताना कुणीतरी युजरचं नाव कन्नड लिपीत टाकलंय. आपल्या भागात यात नवल काहीच नाही, कुणाचं कन्नडमध्ये असतंय, कुणाचं मराठीत. ज्यूसचा (प्लगइन ज्यात लिहिलाय त्या फ्रेमवर्कचा) फाइल क्लास विंडोजशी युनिकोडमध्येच (सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत) बोलतो म्हणून सेटिंग्जला त्रास नाही. पण लायसन्स तपासायची जी विकतची लायब्ररी आहे ती पाथ (फायलीचा पत्ता) जुन्या अ‍ॅन्सी पद्धतीनं उघडते, आणि कन्नड काय देवनागरी काय, या लिप्यांना विंडोजमध्ये अ‍ॅन्सी कोडपेजच (अक्षरांचा तक्ता) नाही, त्या फक्त युनिकोडमध्येच आहेत. मग प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं, आणि प्रश्नचिन्ह विंडोजच्या फाइलनावात चालत नाही, की फाइल उघडायचा प्रश्नच मिटला. वर ती लायब्ररी एरर पण देत नाही, गुपचूप 'लायसन्स नाही' म्हणते. पैसे घेऊन विकता तर निदान एरर कोड तरी द्या ओ.

उपाय शोधताना पहिल्यांदा वाटलं मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमला जोडलेल्या माहितीच्या फायलीत) यूटीएफ-८ (युनिकोडचंच) कोडपेज लावू, विंडोज १० च्या १९०३ पासून ती सोय आहे. पण ती सोय एक्झीसाठी (स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी), आणि आपण डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅमात भरला जाणारा). प्लगइन म्हणजे दुसऱ्याच्या घरातला भाडेकरू, मॅनिफेस्ट होस्टचा (रीपरसारख्या प्रोग्रॅमचा) चालतो, आपला नाही. मग आठ-तीनचा (आठ अक्षरं नाव, तीन अक्षरं एक्स्टेन्शन) छोटा पाथ काढून दिला, त्यांच्या लॅपटॉपवर चालला सुद्धा, पण काही ड्राइव्हवर ती छोटी नावं बंद असतात, म्हणून तो नाद सोडला. शेवटी लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पार तळाला सापडलं की तिला पाथ न देता मेमरीतला बफर (आधीच वाचलेला मजकूर) देता येतो. आता फाइल वाचायची-लिहायची ज्यूसनं, लायब्ररीनं फक्त सही तपासायची. बिल्ड पाठवला, त्यांनी रीपर बंद करून उघडलं, काळी चार! मशीन रीस्टार्ट, तरी काळी चार! फोनवर मागं तंबोरा वाजताना ऐकला आणि काय बरं वाटलं म्हणून सांगू.

लिहिणं आता आपल्याच हातात आलंय म्हणून लायसन्स आधी टेंपररी फायलीत लिहून मग नाव बदलतो, म्हणजे मध्येच करंट गेला तरी अर्धवट फाइल उरत नाही. सेटिंग्जसाठी ज्यूसची प्रॉपर्टीजफाइल हे आपणहून करते. तिथं प्रोसेस लॉक (एका वेळी एकच प्रोग्रॅम फाइल हाताळेल असं कुलूप) मात्र आठवणीनं द्या, एकाच वेळी दोन होस्ट चालू असले की एकाचं लिहिलेलं दुसरा पुसतो.

आणि हे टाइप करता करताच एक डोक्यात आलं. रोमिंग फोल्डर ऑफिस-कॉलेजच्या डोमेनवर युजरबरोबर दुसऱ्या मशीनवर जातो, आणि आपलं लायसन्स तर मशीनच्या आयडीला बांधलेलं. मग ते रोमिंगमध्ये कशाला? सेटिंग्ज राहू देत तिथं, पण लायसन्स त्याच मशीनवर राहणाऱ्या लोकल अ‍ॅपडेटात पाहिजे. का सरळ प्रोग्रॅमडेटात? बेळगावच्या एका स्टुडिओत एकाच मशीनवर तीन-चार जणांची लॉगिन आहेत, तिथं प्रत्येकाला वेगळं अ‍ॅक्टिव्हेट करायला लावणं बरं नाही. इनो सेटपमध्ये फोल्डर बनवतानाच युजर्सना मॉडिफायची परमिशन देता येते, एका ओळीचं काम, म्हणूनच मला तो इन्स्टॉलर आवडतो. ठरलं, प्रोग्रॅमडेटाच. आधीच्या बिल्डचं लायसन्स रोमिंगमध्ये सापडलं तर प्लगइन पहिल्यांदा उघडताना ते तिकडं कॉपी होईल, कुणाला नंबर परत घालावा लागणार नाही.

मॅकचं थोडक्यात. ज्यूस तिथं युजर डेटा म्हणून नुसतं 'लायब्ररी' नावाचं फोल्डर देतो, पुढं अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट आपण जोडायचं. बंडलच्या (प्लगइनच्या पॅकेज फोल्डरच्या) आत काहीही लिहू नका, कोडसाइन (प्लगइनची डिजिटल सही) मोडतं. गॅरेजबँड (मॅकचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर) सँडबॉक्समध्ये (मोजक्याच फोल्डरांपुरत्या कुंपणात) चालतो, तिथलं अजून तपासायचंय, मित्राचा मॅक मिनी रविवारी मिळेल.

नवीन बिल्ड आज रात्री टाकतो. ज्यांचं विंडोजचं युजरनेम कन्नडमध्ये नाहीतर देवनागरीत आहे त्यांनी आधी घ्या, आणि एकाच मशीनवर दोन लॉगिन असतील तर दुसऱ्या लॉगिनमधून पण उघडून बघा. परत डेमोत गेला तर प्रोसेस मॉनिटरचा लॉग पाठवा, नुसता स्क्रीनशॉट नको.