रविवारी करवत चालू होत नाही

लोक जर्मनीतल्या थुरिंगियात किल्ले बघायला जातात, मायनिंगेनला नाटकं बघायला जातात. आम्ही एका गोठ्यात करवती बघायला गेलो. गोठा नावापुरता, गाई जाऊन जमाना झाला, आता भिंतभर जुन्या चेनसॉ, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या साखळीच्या करवती, टांगल्यात.

हे वेड नवऱ्याचं. लॉकडाउनमध्ये एक बंद पडलेली आणली, मग तिच्या पार्टसाठी दुसरी, मग दुसरीच बरी निघाली म्हणून तिच्या पार्टसाठी तिसरी. श्टुटगार्टच्या आमच्या तळघरात लोणच्याच्या बरण्यांशेजारी आता चार झाल्यात. आमच्याकडे झाड एकही नाही. बाल्कनीत तुळस आहे.

चौथी म्हणजे श्टिल कंपनीची कॉन्ट्रा. 1959 चं मॉडेल, वजन 12 किलो, ताकद 6 हॉर्सपॉवर, मध्ये गिअर नाही, इंजिनची गती थेट साखळीला. ही आल्यावर जंगलातलं काम पार बदललं म्हणतात. आमची मात्र जूनपासून ढिम्म. नवऱ्याने कार्बोरेटरचा डायफ्रॅम दोनदा बदलला. "स्पार्क बघितलास का?" असं मी जूनमध्येच विचारलं होतं, हे इथे नोंदवून ठेवते.

तर सप्टेंबरातल्या एका रविवारी कॉन्ट्रा डिकीत आणि आम्ही वुर्ट्सबर्गच्या रस्त्याला. वाटेत मला जो कॉक्सची गोष्ट तिसऱ्यांदा ऐकावी लागली. अमेरिकेतल्या ओरेगॉनमधला हा लाकूडतोड्या 1946 साली एका ओंडक्यात अळीला लाकूड खाताना बघत बसला. अळी डावीउजवीकडे आलटूनपालटून कुरतडत होती. त्यावरून त्याने साखळीचे दात बनवले आणि आजच्या साखळ्याही त्याच वळणाच्या आहेत. गोष्ट चांगली आहे, पण तिसऱ्यांदा कोणतीच गोष्ट चांगली नसते.

क्युनडॉर्फ गावाच्या डोक्यावर डोलमार नावाचा डोंगर आहे. 739 मीटर, सिंहगड चढलेल्या माणसाला टेकडीच. एमिल लेर्पने 1927 साली आपली पेट्रोलवर चालणारी चेनसॉ इथे चालवून बघितली आणि पुढे तिला नावही डोंगराचंच मिळालं. ती 58 किलोची होती, पालखीसारखी दोघांनी धरायची. लेर्पची डोलमार कंपनी 1991 मध्ये जपानच्या मकिता कंपनीकडे गेली. आम्ही वर जाऊन आलो, वारा खाल्ला, फोटो काढले, झालं.

आता गोठा. त्याचे मालक म्हणजे ऐंशीच्या घरातले एक आजोबा, निळा एप्रन, आलुबुखारचा केक आधीच कापून ठेवलेला. (जर्मन लोक पाहुणचार करत नाहीत म्हणणाऱ्यांनी खेड्यात जावं.) एकाही करवतीला त्यांनी नवा रंग दिलेला नाही. जिथे हाताने घासून रंग गेलाय तिथेच कुणीतरी तिला वीस वर्षं धरलेलं असतं, म्हणाले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही, कारण आमची पहिली त्याने घरी स्प्रे मारून चकाचक केली आहे.

कॉन्ट्रा बाकावर ठेवल्यावर त्यांनी कार्बोरेटरला हातही लावला नाही. प्लग काढला, वायरीला लावून सिलिंडरच्या धातूच्या फिन्सना टेकवला, ठिणगी दिसावी म्हणून दिवा घालवला आणि दोरी ओढली. अंधार. परत ओढली. अंधारच. मग पुलर लावून फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचं जड चाक, उतरवलं आणि आत, राखेसारखं काहीतरी धरलेले, सीबी पॉइंट, ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे.

मला एकदम सांगलीचा वाडा आठवला. आप्पांची चेतक, पावसाळ्यातली सकाळ, शाळेची घाई आणि बॅटरी धरायला मी. "नीट धर गं, सावली पडतेय." ते पॉलिश पेपरचा तुकडा पॉइंटमध्ये घालून दोनदा ओढायचे, मग सिगारेटच्या पाकिटातला कागद घालून पुसायचे. आजोबांनी पॉलिश पेपर तसाच घातला, तसाच दोनदा ओढला, मग जुनं व्हिजिटिंग कार्ड. मी न सांगता मोबाइलचा टॉर्च धरला. त्यांनी माझं मनगट दोन बोटं डावीकडे सरकवलं. सावली पडत होती.

फिलर गेजच्या पातळ पात्याने पॉइंटमधला गॅप लावला, फ्लायव्हील चढवलं, दिवा परत बंद. टिच्. निळी ठिणगी.

नवरा एवढा खूश की त्याने टाकीत पेट्रोल ओतायला घेतलं. आजोबा म्हणाले, आज नाही. आज रविवार.

ही गंमत नव्हती. रविवारी वस्तीत असली मशीन चालवायला बंदी आहे, इतर दिवशीही रात्री आठ ते सकाळी सात. आम्ही म्हटलं, दोन मिनिटं फक्त. शेजारी कान देऊन बसलेत, ते म्हणाले. बरं, मग घेऊन जातो. तेही नाही! चालू करून बघितल्याशिवाय ते मशीन हातात देत नाहीत. दोन तास हातोडी-पाना चालला तर चालतं, दोन मिनिटं इंजिन चालत नाही. मला त्या क्षणी या देशाचा मनापासून राग आला.

गेस्टहाउसमध्ये कार्ड चालत नव्हतं आणि हीटर कोमट होता. रात्री क्लोसं, म्हणजे बटाट्याचे उकडलेले गोळे, खाल्ले, आत तळलेल्या पावाचे तुकडे असतात. तिखट काहीतरी हवं होतं.

सोमवारी सातला पाच कमी असताना आम्ही तिघं अंगणात. आजोबांनी पेट्रोलमध्ये पंचविसाला एक मापाने तेल मिसळलं, मशीन जमिनीवर ठेवून मागच्या हँडलवर पाय दिला, दोरी हातात घेतली आणि थांबले. चर्चच्या घड्याळाकडे बघत. नवरा श्वास रोखून. मला साडेनऊची मीटिंग होती.

सातचे टोल पडून संपले. पहिल्या ओढीला नुसतं फुरफुरलं, दुसरीला काही नाही, तिसरीला असा आवाज झाला की समोरच्या छपरावरचे कावळे उडाले. निळा धूर आमच्या अंगावर आला, जळक्या टू-टी ऑइलचा तोच वास, शाळेच्या फाटकापर्यंत यायचा तो. मी मफलर नाकाला लावला, पण वास टाळायला नाही.

शेजारच्या घराचं शटर खडखडत वर गेलं. एक बाई बाहेर डोकावली, तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि शटर परत खाली घेतलं.