दाढ गेली, जबडा अडून बसला

खालची अक्कलदाढ काढून बरेच दिवस झाले. सूज उतरली, टाके विरघळले, पण जबडा काही पूर्ण उघडेना. आज ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचे वडापाव आले. मी आतली भाजी चमच्याने खाल्ली आणि पाव चहात बुडवला. हे बघून शेजारणीला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

संध्याकाळी डॉक्टरांना दाखवून आले. जखम छान भरतेय म्हणाल्या. ड्राय सॉकेट (दाढेच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडणं) असतं तर पहिल्या काही दिवसांतच कानापर्यंत ठणका गेला असता. हे दुखणं स्नायूंचं. तोंड बराच वेळ ताणलेलं, त्यात भुलीची सुई त्या स्नायूंजवळूनच जाते, मग ते आखडतात. एरवी दातांच्या मधे तीन बोटं उभी मावतात. माझी जेमतेम दोन, तीही कळ सोसून.

उपाय कंटाळवाणा आहे: गालाला कोमट शेक, मग सावकाश तोंड उघडायचं, थांबायचं, मिटायचं. दुखतंय म्हणून हलवलंच नाही तर आणखी आखडतं.

आई फोनवर, "लवंग धर दाढेखाली." अगं, कुठल्या दाढेखाली?

तूर्तास मऊ भात, तूप, मेतकूट. आणि कृपा करून माझ्यासमोर कुणी जांभई देऊ नका.