बर्नार्डचा तारा: दुसऱ्या जूनची नोंद

मागच्या जूनमधली आणि या जूनमधली फ्रेम एकावर एक ठेवून ब्लिंक केली (आलटूनपालटून पाहिली). बाकीचं आकाश ठप्प, आणि एक तांबूस ठिपका, बर्नार्डचा तारा, टुणकन वर. १३.४ पिक्सेल, जवळजवळ सरळ उत्तरेला. माझ्या सेटअपवर (२०० मिमी न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण, नाभीय अंतर १००० मिमी, ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल) एक पिक्सेल म्हणजे ०.७८ विकला (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक विकला), त्यामुळे वर्षाची निजगती, म्हणजे ताऱ्याचं आकाशातलं स्वतःचं सरकणं, १०.४ विकलांच्या आसपास येते. १९१६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ ई. ई. बर्नार्ड यांना जी उडी दिसली, तीच ही.

शोधायचा असेल तर भुजंगधारी तारकासमूहातल्या ६६ क्रमांकाच्या ताऱ्यापासून वायव्येला पाऊण अंशाच्या आत पाहा. प्रत (तेजस्विता) ९.५. जुन्या नकाशावर भरवसा ठेवू नका, तिथे तो आता नाही!

निजगती सोपी आहे. मला हवा होता पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून वर्षभरात ताऱ्याचं दिसणारं मागेपुढे सरकणं, ज्यावरून अंतर निघतं, आणि तिथे मी चांगलाच आपटलो.

या ताऱ्याचा विषुवांश (आकाशातला पूर्व-पश्चिम निर्देशांक) १८ तासांच्या जवळ. म्हणजे पराशयामुळे तो मार्चमध्ये सर्वांत पूर्वेला सरकलेला असतो आणि सप्टेंबरमध्ये सर्वांत पश्चिमेला. नेमक्या त्याच वेळी तो संधिप्रकाशात मध्यमंडलावर (आकाशाच्या मधल्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो. एकीकडे बरंच, कारण तारा उंच असतो आणि लाल ताऱ्याचं वातावरणातलं अपवर्तन शेजारच्या निळसर ताऱ्यांपेक्षा वेगळं असल्याची चूक कमी होते. पण अंधार जेमतेम मिळतो. १५ सेकंदांच्या साठेक फ्रेम, की आकाश उजळलंच.

मागच्या मार्च ते सप्टेंबरमध्ये तारा १.४४ विकला पश्चिमेला गेलेला मिळाला. पराशय या पूर्ण झोक्याच्या निम्मा असतो, म्हणून निम्मे केले, ०.७२. अंतर साडेचार प्रकाशवर्षं! मी बर्नार्डचा तारा उचलून अल्फा सेंटॉरीच्या दारात नेऊन ठेवला होता. उत्तरेची उडी इतकी डोळ्यांत भरते की पश्चिमेकडची सरक मी धरलीच नव्हती. ती वर्षाला ०.८ विकला असते, म्हणजे सहा महिन्यांत ०.४.

कॅटलॉगमधला आकडा वजा करून प्रश्न सुटला असता, पण मग मोजलं काय? म्हणून या मार्चची वाट पाहिली. सप्टेंबर ते मार्च तारा ०.६७ विकला पूर्वेला परतला. पश्चिमेची सरक एकदा मिळवली जाते, एकदा वजा होते, म्हणून सरासरीत ती उडते. दोन्हींची सरासरी १.०५५, तिची निमपट ०.५३. अंतर सुमारे ६.२ प्रकाशवर्षं. खरा आकडा ५.९६. एवढ्याशा आरशाला हे पुष्कळ झालं.

हे मोजताना खगोलशास्त्रज्ञ पीटर व्हॅन द काम्प सारखे आठवत होते. स्प्राउल वेधशाळेच्या ६१ सेंमी दुर्बिणीच्या १९३८ पासूनच्या प्लेट मोजून त्यांनी १९६३ मध्ये हा तारा डगमगतो, म्हणजे त्याला गुरूसारखा ग्रह आहे, असं जाहीर केलं. १९७३ मध्ये गेटवुड आणि आयकहॉर्न यांना दुसऱ्या दुर्बिणींच्या प्लेटवर ती डगमग काही सापडली नाही. शिवाय १९४९ मध्ये भिंगाची बैठक बदलली होती, आणि स्प्राउलच्या इतर ताऱ्यांच्या नोंदींतही त्याच सुमारास उडी होती. डगमगली होती ती दुर्बीण. २०१८ मधला, २३३ दिवसांत फेरी मारणारा ग्रहही टिकला नाही, पण तो दोष ताऱ्याच्या स्वतःच्या सक्रियतेचा.

आता जे चार ग्रह आहेत ते आपल्या आवाक्यातले नाहीत. ३.१५ दिवसांचा 'बी' ऑक्टोबर २०२४ मध्ये एस्प्रेसो वर्णपटमापकाने सापडला. २०२५ मध्ये मरून-एक्स या दुसऱ्या वर्णपटमापकाच्या निरीक्षणांनी तो पक्का केला आणि २.३४, ४.१२ व ६.७४ दिवसांचे आणखी तीन जोडले. चारही पृथ्वीपेक्षा हलके, ताऱ्याला इतके खेटून की पाणी टिकायचं नाही. ताऱ्याला ते सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षाही कमी वेगाने हलवतात. अधिक्रमणही (ग्रहाचं ताऱ्यासमोरून जाणं) दिसलेलं नाही, तेव्हा प्रकाशवक्र (तेजाचा आलेख) काढत बसण्यात मला अर्थ वाटत नाही.

पुढचा सेट सप्टेंबरमध्ये. आरशावर चांगलीच धूळ बसली आहे, पण तोवर मी तो सेलमधून (बैठकीतून) काढणार नाही, नाहीतर स्प्राउलसारखी उडी माझ्याही आकड्यांत यायची.