आमच्या घरपट्टीत कॅसिनोचा पैसा

इथं पेनसिल्व्हेनियात घरपट्टीतला मोठा वाटा शाळांना जातो. यंदाच्या बिलात एक रक्कम वजा झालेली दिसली. राहत्या घराला सवलत मिळते म्हणून अर्ज मीच भरला होता. तिचा पैसा कुठून येतो ते शेजाऱ्यानं सांगितलं. कॅसिनोतल्या स्लॉट मशिनच्या, म्हणजे जुगाराच्या यंत्रांच्या, कमाईतले ३४ टक्के राज्य घेतं आणि त्यातून घरमालकांचा कर हलका करतं. बाबा माळकरी. फोनवर म्हणाले, "म्हणजे तिरटवाल्यांनीच भरली म्हणायची तुझी पट्टी!"

मग मी खोदायला बसलो. पिट्सबर्गचा कॅसिनो ओहायो नदीच्या काठावर, सायन्स सेंटरच्या शेजारी आहे. २००४ च्या कायद्यानं शहराला एकच परवाना ठेवलेला आणि मागणारे तिघे. एकानं तर परवाना द्या, हॉकीच्या स्टेडियमला २९ कोटी डॉलर देतो, अशी बोली लावली. आपल्याकडं एवढ्यावर निकाल लागला असता. इथं तो हरला! डिसेंबर २००६ मध्ये परवाना मिळाला डेट्रॉइटच्या डॉन बार्डन यांना. २००८ च्या मंदीत त्यांचं कर्ज अडकलं आणि काम थांबलं. शिकागोचे नील ब्लूम पैसा घेऊन आले, पण मालकी बदलायला परवाने देणाऱ्या राज्याच्या मंडळाची पुन्हा मंजुरी लागली. कॅसिनो उघडला ऑगस्ट २००९ मध्ये. हे सगळं जाहीर सुनावण्यांमध्ये, लोकांसमोर. जुगाराचा परवाना असा चारचौघांत मागतात, हे मला अजून पचलेलं नाही.

आपल्या महाराष्ट्रानंही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी लागूच झाला नाही, २०२३ मध्ये रद्द केला. म्हणून आपण सोवळे, असं म्हणायची सोय झाली. मटक्याच्या चिठ्ठ्या आणि शेतातल्या आखाड्यावर बसणारे तिरटचे डाव मोजायचेच नाहीत.

इथली एक गोष्ट मात्र मला फार आवडली. ज्याला सवय सुटत नाही, तो स्वतःच जाऊन आपलं नाव बंदीच्या यादीत घालू शकतो: वर्षभर, पाच वर्षं किंवा जन्मभर. नंतर आत सापडला तर बेकायदा घुसल्याचा गुन्हा आणि जिंकलेले पैसे जप्त. आमच्या नात्यात एकानं पत्त्यांपायी बागायती घालवली. त्याला अडवायला घरचे रडले, पोलिसांनी दोनदा उचललं, पण 'मलाच आत घेऊ नका' असं लिहून द्यायला जागा नव्हती.

पण तेच सरकार माणूस खेळत राहावा म्हणून टपलेलंही आहे. ऑफिसातल्यांबरोबर तिथं जेवायला गेलो होतो (फक्त जेवायला). भर दुपारी म्हाताऱ्या बायका मशिनसमोर बसलेल्या. सदस्यत्वाचं कार्ड मशिनमध्ये खुपसलेलं आणि त्याची गुंडाळीची दोरी बाईच्या कमरेला अडकवलेली, दावणीला बांधल्यासारखी.

आमच्या नांदेडला असलं काही नको, हे माझं मत पक्कं आहे. नगीनाघाट, गोवर्धन घाट आहेत तसेच बरे. भाऊ विचारतो, तिकडचा पैसा चालतो आणि इकडं नको? चालतो. मी इथं कर भरतो, पण मला मतदानाचा हक्क नाही. कायदा करताना मला कुणी विचारलं नव्हतं, आणि सवलत सोडली तर ती काय त्या म्हाताऱ्यांना परत जाणार आहे?